पऱ्हे थांबले असते, दादा

दादा, आधी भांडून घेते. तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, मांडवाचे बांबू परत गेले. आता घरात आई, बाबा आणि मी. एवढे दिवस येणारा प्रत्येक जण तुझं चांगलंच बोलत होता आणि मी मान हलवत होते. मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण तू जिवंत असताना आपलं एकही भांडण कधी पुरं झालं नाही, आणि शेवटचं तर तू अर्ध्यातच फोन ठेवून संपवलंस. तेव्हा ऐकून घे.

तुला माहीत होतं. सगळ्यात जास्त राग मला याचा येतो. न कळता, चुकून, कोणी ढकललं म्हणून तू धानाच्या पाणी भरलेल्या बांधीत उतरला असतास, तर मी नशिबाला बोल लावला असता. पण थंड पाण्यात पाय टाकला की तुझ्या रक्ताचं काय होतं, हे तुला लहानपणापासून पाठ होतं. तुझ्या औषधाची दुसरी बॅच तयार होऊन शीतपेटीत ठेवलेली आहे, फक्त चाचण्यांचे निकाल यायचे आहेत, हेही मीच तुला सांगितलं होतं. तोवर तब्येत सांभाळ, एकही मोठं दुखणं येऊ देऊ नकोस, नाहीतर डॉक्टर तुला या नव्या उपचारासाठी घेणार नाहीत, हे तर मी इतक्यांदा सांगितलं की तू फोन उचलल्या उचलल्या माझ्याच आवाजात ते म्हणून दाखवायचास.

आपल्या भागात सिकलसेल कोणाला समजावून सांगावा लागत नाही. दर चार घरांआड कोणीतरी असतोच. आई आणि बाबा दोघांच्याही रक्तात एकेक बिघडलेलं जनुक. दोघांनाही त्याचा कधी काही त्रास झाला नाही. मला त्यातलं एकच मिळालं, म्हणून मी धडधाकट. तुला दोन्ही मिळाली. एकाच आईच्या पोटातून आलेल्या दोघांची अशी वाटणी का व्हावी, याचं शास्त्र मला येतं, मी ते परीक्षेत लिहून मार्कही मिळवलेत. पण तुझे गुडघे सुजून तू भिंतीला पाय लावून पडलेला असायचास, आई तव्यावर मीठ गरम करून फडक्यात बांधून शेकत बसायची, तेव्हा त्या शास्त्राचा मला नेहमी राग यायचा.

साकोलीच्या कॉलेजात असताना तुझं रक्त मी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, ते तुला आठवत असेल. तू स्वतःच हट्टानं माझ्यासोबत आला होतास, बोटाला टोचून घेतलंस आणि तिथेच बाकावर बसून राहिलास. मी पाहिलं. गोल पेशींच्या गर्दीत वाकड्या, टोकदार पेशी अडकून पडलेल्या होत्या. माझा चेहरा पाहून तू म्हणालास, दाखव मलेही. बराच वेळ डोळा लावून बसलास आणि मग म्हणालास, "म्हंजे धान कापाले इळे, अन् माह्या अंगातबी इळेच." आमच्या मॅडम हसल्या. मला हसू आलं नाही. त्याच दिवशी मी ठरवलं की आपण हेच शिकायचं. बाबा मला नागपूरला पाठवायला तयार नव्हते तेव्हा तू दोन दिवस जेवला नाहीस. आजारी पोरगा जेवत नाही म्हटल्यावर बाबांचं काय चालणार. तुझा तो डाव मी जन्मभर विसरणार नाही, दादा. मी आज जी कोण आहे ती तुझ्या उपाशी पोटामुळे आहे.

हैदराबादच्या प्रयोगशाळेत लागले तेव्हा तू विचारलंस, नेमकं करतेस तरी काय. मी सांगितलं, विषाणू बनवते. तू म्हणालास, जगात कमी आहेत का? मग मी नीट सांगितलं. विषाणूमधलं आजार करणारं सगळं काढून टाकायचं आणि पेशीच्या आत शिरायचं त्याचं कसब तेवढं ठेवायचं. मग त्याच्या पाठीवर चांगलं जनुक द्यायचं. रोग्याच्या अंगातून रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी बाहेर काढायच्या, हा विषाणू त्यांच्यात ते जनुक नेऊन टाकतो, आणि मग त्या सुधारलेल्या पेशी परत त्याच माणसाच्या अंगात सोडायच्या. आम्ही त्याला व्हेक्टर म्हणतो. तू त्याला हमाल म्हणायला लागलास. मग दर फोनला तेच. हमाल तयार झाले का, हमालांना सुट्टी आहे का, हमाल संपावर गेले का.

आणि पेशींचं तर तुला माझ्यापेक्षा लवकर कळलं. मी सांगत होते की व्हेक्टर बनवायला माणसाच्या पेशी बाटल्यांत वाढवाव्या लागतात. गुलाबी पाण्यात, अंगाइतक्या उबेत, त्या बाटलीच्या तळाला चिकटून वाढतात. तळ भरत आला की त्यांना सोडवून नव्या बाटल्यांत विरळ पसरायचं. वेळ चुकवली की दाटी होते, पेशी सुस्तावतात आणि मग त्यांच्याकडून काम होत नाही. तू मध्येच म्हणालास, "हे तं पऱ्हे उपटून रोवनाच व." मी आमच्या प्रयोगशाळेत पुढे कितीतरी नव्या पोरींना असंच शिकवलं. पऱ्हे जून झाले की धानाला फुटवे येत नाहीत, तसंच. तेलुगू मुलींना पऱ्हे म्हणजे दाट पेरलेली धानाची रोपं, ती उपटून चिखलात विरळ रोवायची, हे समजावण्यात माझी तारांबळ उडायची, पण त्यांच्या घरीही धानच, त्यांना लगेच कळायचं.

त्या पेशींना आम्ही डीएनएचे तुकडे देतो, त्यावरून त्या व्हेक्टर बनवून पाण्यात सोडतात. दोन दिवसांत थकून गोल होतात, तळापासून सुटून तरंगायला लागतात. आम्ही पाणी गाळून घेतो. बनवणाऱ्या पेशींचं मग काय करता, असं तू विचारलंस. टाकून देतो म्हटलं. तू आईला हाक मारून चहा मागितलास आणि विषय बदललास.

आता धुऱ्याचं. आपल्या गावची एक रीत कोणाला सांगायला गेले तर खरी वाटत नाही. ज्याचा रोवणा आटोपला त्याचे उरलेले पऱ्हे तो टाकत नाही आणि विकतही नाही. त्यांच्या जुड्या, पेंड्या बांधून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर ठेवतो. ज्याला कमी पडले तो येऊन घेऊन जातो, विचारायची गरज नाही. तुला पाण्यात उतरता येत नव्हतं, म्हणून तू लहानपणापासून धुऱ्यावर गोणपाट पांघरून बसायचास आणि पेंड्या बांधायचास. हळूहळू आपल्याच नाही, आजूबाजूच्या सगळ्यांच्या उरलेल्या पऱ्ह्यांचा तू कारभारी झालास. कोणाच्या बांधीचा कोपरा रिकामा आहे, कोणाचं बियाणं कमी उगवलं, तुला सगळं ठाऊक. एकोडीपासून सानगडीच्या वाटेपर्यंत लोक तुला विचारत यायचे, दादा, कुठं पऱ्हे शिल्लक आहेत? तुझ्या हिशोबानं पेंडी वाळून गेली म्हणजे कुणीतरी पाप केलं.

त्यावरूनच आपलं जुंपलं. संशोधनाच्या कामातून उरलेलं व्हेक्टर आम्ही नष्ट करतो, हे माझ्या तोंडून निघून गेलं. तू आधी थट्टेवारी नेलंस. मग म्हणालास, येताना एका बाटलीत घालून आण. मी समजावलं की ते माणसासाठी बनवलेलं नसतं, आणि हे काही टोचायचं इंजेक्शन नव्हे, आधी तुझ्या पेशी काढाव्या लागतात. तुला समजलं होतं. पण समजणं आणि पटणं यात फरक असतो.

पहिली बॅच फसली तेव्हा तू थट्टा केली नाहीस. नागपूरच्या डॉक्टरांनी या उपचारासाठी तुला तपासून घेतलं होतं. माझं नातं कळल्यावर तर दुसऱ्यांपेक्षा कसून तपासलं. तू त्यांच्या निकषांत बसत होतास. फक्त माणसासाठीची बॅच तयार व्हायची होती. आम्ही ती बनवली आणि ती कमजोर निघाली. पेशी त्याच, डीएनए तोच, हात तेच, पण व्हेक्टर पाहिजे त्याच्या निम्म्यानंही नाही. कशामुळे, ते अजूनही कोणाला सांगता आलेलं नाही. कोणाची चूक सापडली असती तर मी त्याच्या अंगावर धावून गेले असते. आम्ही सगळेच एकमेकांकडे पाहत बसलो. मी तुला फोन केला तर तू आधी म्हणालास, "नकटीच्या लग्नाले सतराशे विघ्नं." आणि मग आवाज बदलून म्हणालास, "कमी तं कमी. थेच मले द्या. जेवढं होईन तेवढं होईन."

मी सांगितलं की तसं नसतं. सुधारलेल्या पेशी आत सोडण्याआधी हाडातल्या जुन्या पेशी कडक औषधानं मारून टाकाव्या लागतात. व्हेक्टर कमजोर असलं तर सुधारलेल्या पेशी मूठभर, आणि जुन्या तर गेलेल्या. तुझी आहे त्याहून वाईट गत होईल. तू शांतपणे ऐकलंस. मग विचारलंस, त्या बॅचचं काय करणार. मी खरं ते सांगितलं, नष्ट करणार. तू म्हणालास, आपल्याकडे वाळलेली पेंडीही गायीपुढे टाकतात. मी ओरडले तुझ्यावर. म्हटलं, धान आणि माणसं एक नसतात, तुला प्रत्येक गोष्ट धुऱ्यावरूनच कशी दिसते. त्यानंतर आपण हा विषय काढलाच नाही आणि म्हणूनच तो संपला नाही. मी बरोबर होते, दादा. आजही मी बरोबर आहे. बरोबर असून मला काय मिळालं ते सांग.

त्या सकाळी तू धुऱ्यावरून फोन केलास. मागे पाण्याचा आवाज येत होता. बोडी, ते वरचं छोटं तळं, फुटून कौसल्याकाकूंचे पऱ्हे वाहून गेले, म्हणालास. आपल्या शेजारच्या बांधीवाल्या, नवरा गेल्यापासून एकट्या राबणाऱ्या कौसल्याकाकू. तू फिरून पेंड्या जमवल्या होत्यास. पण रोवणाऱ्या बाया दुसऱ्यांकडे कामाला लागलेल्या आणि पेंड्या उपटून ठेवलेल्या, आणखी ठेवल्या तर पिवळ्या पडतील. तुझा सूर मी ओळखला. म्हटलं, दादा, उतरू नकोस. पऱ्हे थांबतील. आणि तू माझंच वाक्य काढून माझ्या तोंडावर मारलंस.

"तुह्या पेशी थांबत नाई म्हून तू दोन दिवाळ्या घरी आली नाई. मंग माहे पऱ्हे काहून थांबतीन?"

ते खरं होतं. पेशींना खाऊ घालायचा असतो, त्यांना दिवाळी कळत नाही, असं मी दर वर्षी आईला सांगत आले. मी फक्त एवढंच म्हटलं की पऱ्हे वाळले तरी चालतील. तू हसलास आणि फोन ठेवलास. मला वाटलं, चिडवतोय. तू नेहमीच चिडवायचास. तेवढ्यात माझ्या पेशींची वेळ झाली होती. मी हातमोजे चढवले आणि आत गेले.

संध्याकाळी तुझं अंग मोडून आलं. दुसऱ्या दिवशी दुखणं छातीत गेलं. साकोलीहून भंडाऱ्याला हलवलं, तोवर मी गाडीत बसले होते. दवाखान्यात पोहोचले तेव्हा तुझ्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा होता आणि ओठ जांभळे पडले होते. रक्त चढवणं चालू होतं. तू मला जवळ बोलावलंस. मुखवटा बाजूला करायला मी नको म्हणत होते, तू केलास.

"निघाले का व तुहे हमाल?"

मी म्हटलं, रिपोर्ट यायचा आहे. तू मान हलवलीस, म्हणजे बरं, येऊ दे. मला त्या क्षणी खोटं बोलता आलं असतं. निघाले, उद्या पोहोचतात, असं म्हणता आलं असतं. पण चाचणी झाल्याशिवाय पास म्हणायचं नाही, ही सवय इतकी हाडात मुरलीय की मरणाऱ्या भावासमोरही जीभ वळली नाही. नंतर तू बोलला नाहीस. दुपारी तू गेलास. दुपारच ती, बाहेर लोक डबे उघडून जेवत होते.

मला सांग, तू रागानं उतरलास का? पहिली बॅच फसल्याच्या, मी दिलं नाही त्याच्या, रिपोर्टाची वाट पाहून कंटाळल्याच्या रागानं? तेरवीपर्यंत मी हेच उगाळत होते. कोणी काय बोलतं याकडे माझं लक्ष नव्हतं.

तेरवीला कौसल्याकाकू आल्या आणि फाटकाबाहेरच उभ्या राहिल्या. आत यायचा त्यांना धीर होईना. गावात काही तोंडांनी त्यांना ऐकवलं होतंच. आई उठून गेली, हाताला धरून त्यांना आत आणलं आणि पहिल्या पंगतीत बसवलं. मला त्यांच्याकडे पाहवत नव्हतं. जेवण झाल्यावर त्याच माझ्याजवळ आल्या.

"मी नाई म्हनलं व रंजू. लय नाई म्हनलं. पन थो म्हने, काकू, आजवर धुऱ्यावर बसून दुसऱ्याचाच रोवना पायला. एक डाव मले माह्या पायानं उतरू द्या."

आणि मग त्यांनी सांगितलं की तू थरथरत होतास तरी गोष्टी सांगत होतास. तुझ्या ओळी वाकड्या जात होत्या, काकू तुला हसत होत्या, आणि तूही हसत होतास. त्यांना वाटलं असेल की हे ऐकून मला बरं वाटेल. नाही वाटलं. रागानं उतरला असतास तर परवडलं असतं. रागावणारा माणूस अजून वाट पाहत असतो. 'एक डाव' म्हणणाऱ्यानं वाट पाहणं सोडलेलं असतं. म्हणजे हमालांची थट्टा करत, मला धीर देत, माझ्या प्रत्येक बॅचची खबर विचारत तू मनात केव्हाच ठरवून टाकलं होतंस की हे आपल्या वेळेला येणार नाही. ज्या कामासाठी मी दिवाळ्या सोडल्या, आईचं आजारपण सोडलं, तुझ्याजवळ बसायचे दिवस सोडले, त्या कामावर तुझाच विश्वास नव्हता. आणि तू मला हे कळू दिलं नाहीस. हा तुझा चांगुलपणा मला सहन होत नाही.

लोक म्हणतात, त्याची सुटका झाली. त्यांना ऐकवावंसं वाटतं, सुटका त्याची नाही, तुमची झाली, आता दुखऱ्या माणसाची विचारपूस करायला नको. पण मी चूप बसते. तुझ्याएवढी जीभ मला नाही.

काल सकाळी फोन आला. दुसऱ्या बॅचच्या सगळ्या चाचण्या पास झाल्या. ताकद भरपूर, कुठली लागण नाही, काही दोष नाही. आमच्या सरांनी हे सगळं सांगितलं आणि मग चाचरत म्हणाले की तुझ्या रिकाम्या झालेल्या जागेवर पुढचा रोगी घेतला आहे, मला ते बाहेरून कळू नये म्हणून स्वतःच सांगताहेत. भला माणूस आहे. मी ठीक आहे म्हटलं. कोण, कुठला, काही विचारलं नाही. अशा वेळी माणसानं म्हणायचं असतं, जाऊ दे, एकाचं तरी भलं झालं. मला तसं वाटलं नाही, दादा. मला त्या न पाहिलेल्या माणसाचा राग आला. तो जगेल, आणि ते जगणं तुझं होतं. हे मी दुसऱ्या कोणाजवळ बोलू शकत नाही. तू बोलणार नाहीस कोणाला, म्हणून सांगितलं.

आईला सांगायचं की नाही, याचा विचार करत दिवसभर घरात फिरले. शेवटी सांगितलं. आई सुपात तांदूळ घेऊन बसली होती. तिचे हात थांबले. औषध झालं, हे तिला दोनदा सांगावं लागलं. मग ती म्हणाली, आता ते कोणाला देतील. मी म्हटलं, आहे कोणीतरी, तुझ्यामाझ्या ओळखीचा नाही. तिनं सूप खाली ठेवलं.

"त्याले माय असन नं?"

"असेल."

"मंग देऊन टाक व बाई."

आणि तिनं पुन्हा खडे वेचायला घेतले. उद्या मला निघायचं आहे. शीतपेटीतून त्या कुप्या बाहेर काढून द्यायचं काम माझ्याच हाताचं आहे, आणि ते मी करीन, कारण दुसरं काही मला येत नाही. आईनं दिलं, दादा. माझ्यानं अजून देववत नाही.